कपाटात उभं राहून

"मावशी, लवकर ये! तो वर येतोय."

दिवाळीच्या सुट्टीत भाची आमच्या कर्वेनगरच्या घरी राहायला आली होती. वय एकोणीस. मी चकलीच्या भाजणीत मोहन घालत होते, ते तसंच टाकून बाहेर आले. जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर एका मुलीची खोली: भिंतभर पोस्टर, खिडकीला पडद्याऐवजी अमेरिकेचा झेंडा, हवेत गांजाचा धूर. जिन्यावर जड पावलं वाजत होती. क्लोई नावाची मुलगी घाईघाईने मैत्रिणीला सांगत होती, लप, माझा सावत्र बाप आलाय. भाचीने त्या मैत्रिणीला कपाटात उभं केलं.

डेव्हिड आत आला. मिशा, आखूड कापलेले केस, हुकूम सोडायची सवय असलेला आवाज. गांजावरून वाद सुरू झाला, आवाज चढत गेले आणि त्याने क्लोईच्या थोबाडीत मारली.

भाचीचे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले गेले. "मी लपले म्हणून मारलं त्याने."

"तू लपलीस म्हणून नाही. त्याने हात उगारला म्हणून," मी म्हणाले.

तिला ते पटलं नाही. तिने खेळातला काळ मागे फिरवला, या वेळी कपाटातून बाहेर आली आणि गांजा माझा आहे असं सांगून टाकलं. डेव्हिडचा सगळा राग तिच्यावर वळला, क्लोई वाचली. माझी भाजणी त्या संध्याकाळी तशीच राहिली, कारण मीही खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. पुढचे पाच-सहा दिवस आम्ही तो खेळ रोज थोडा थोडा पुढे नेला आणि रोज त्या माणसाबद्दल भांडलो.

'लाइफ इज स्ट्रेंज' हा खेळ पॅरिसच्या डोन्टनॉड या कंपनीने बनवला. २०१५च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत पाच भागांत तो आला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं आर्केडिया बे हे काल्पनिक गाव. मॅक्स ही फोटोग्राफी शिकणारी मुलगी, आणि खेळणारा माणूस म्हणजे मॅक्स. तिला काळ थोडा मागे नेता येतो. क्लोई तिची लहानपणीची मैत्रीण. क्लोईचा बाप विल्यम २००८मध्ये मोटार अपघातात गेला. आई जॉयस एका खाणावळीत काम करते आणि तिने पुढे डेव्हिड मॅडसनशी लग्न केलं. डेव्हिड माजी सैनिक आहे, मॅक्सच्या शाळेत सुरक्षाप्रमुख आहे आणि स्वतःच्या घरात त्याने चोरून कॅमेरे बसवलेले आहेत.

अशा कथाप्रधान खेळात निवड म्हणजे नेमकं काय होतं, ते थोडं उलगडून सांगायला हवं, कारण न्यायनिवाड्याचं सगळं मर्म त्यात आहे. पडद्यावर दोन पर्याय येतात: मध्ये पड किंवा गप्प राहा. तुम्ही एक निवडता आणि कोपऱ्यात एक फुलपाखरू पंख हलवतं. याचे परिणाम होतील, अशी ती खूण. खेळाच्या पोटात एक वही असते, तिच्यात एवढीच नोंद पडते की मॅक्स कपाटातून बाहेर आली, हो किंवा नाही. पुढे तासाभराने एखादं पात्र बोलायच्या आधी खेळ ती वही चाळतो आणि 'हो' असेल तर एक वाक्य, 'नाही' असेल तर दुसरं वाक्य त्याच्या तोंडी घालतो. सगळ्या फांद्या शेवटपर्यंत वेगळ्या वाढू दिल्या तर दहा निवडींत हजाराहून जास्त कथा लिहाव्या लागतील. म्हणून लेखक फांद्या फोडतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एका खोडाला आणून मिळवतात. डेव्हिडच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. तुम्ही त्याची बाजू घ्या किंवा त्याला घराबाहेर काढायला लावा, शेवटच्या भागात तो यायचा तेव्हा येतोच. तुमच्या निवडीने त्याचं नशीब फारसं बदलत नाही. त्याच्याशी तुमचं नातं काय, तुम्ही त्याच्याबद्दल काय म्हणालात आणि कुणासमोर म्हणालात, हे मात्र बदलतं.

याच्या तीन वर्षं आधी, २०१२मध्ये, 'द वॉकिंग डेड' हा खेळ गाजला. त्यात खुनाची शिक्षा झालेला ली नावाचा माणूस क्लेमेंटाइन या परक्या मुलीला सांभाळतो, आणि खेळणारा स्वतः ली असतो. चुका आपल्याच हातून होतात, त्यामुळे त्या माफ करायलाही आपण लवकर तयार होतो. डेव्हिडच्या बाबतीत आपण पाहुणे आहोत. मैत्रिणीच्या घरी गेलेल्या मुलीला तिथल्या बापाचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढाच दिसतो. लेखकांनी पुराव्यांचा क्रमही मुद्दाम तसा लावला आहे. आधी तो शाळेच्या आवारात केट नावाच्या भेदरलेल्या मुलीला दरडावताना दिसतो. मग गॅरेजमध्ये कपाटात लपवलेले पडदे सापडतात, घरातल्या खोल्या दाखवणारे. मग थोबाडीत. निकाल आपल्या मनात तयार होतो तेव्हा त्याच्या बाजूचा एक कागदसुद्धा आपण वाचलेला नसतो.

वाटतं, काळ मागे नेता येतो म्हटल्यावर न्याय सोपा होईल. तसं होत नाही. मागे जाऊन तुम्ही दुसरं वाक्य बोलून बघू शकता, त्यावर त्याचं दुसरं उत्तर ऐकू शकता. पण दोन्ही वेळा तुम्ही उभ्या त्याच कोपऱ्यात असता. डेव्हिड एकटा असताना काय करतो, झोपेत कशाने दचकतो, हे काळ कितीही फिरवला तरी दिसत नाही.

तिसऱ्या भागात स्वयंपाकघरातला प्रसंग येतो. मॅक्स आणि क्लोईला गॅरेजमध्ये डेव्हिडने जमवलेल्या फायली आणि चोरून काढलेले फोटो मिळालेले असतात. तो आल्यावर भांडण पेटतं आणि जॉयसच्या समोर मॅक्सला एकाची बाजू घ्यावी लागते. भाचीने एका क्षणात क्लोईची घेतली. कॅमेऱ्यांचं सगळं बाहेर आलं आणि जॉयसने नवऱ्याला घराबाहेर काढलं. माझी आई तिच्या आरामखुर्चीतून हे ऐकत होती. तिने एकच विचारलं, "इतके दिवस त्या पोरीच्या आईला दिसत नव्हतं का?"

आजीचा प्रश्न भाचीला जुनाट वाटला. मारलं बापाने आणि दोष आईला! तिचा राग मला समजतो, आपल्याकडे घरातल्या प्रत्येक गोष्टीचं खापर शेवटी बाईवरच फुटतं. तरी आजीच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. सावत्र बाप आपणहून घरात येत नाही. त्याला आईने निवडलेलं असतं, मुलीने नाही. क्लोईचं बाप गेल्याचं दुःख अजून पुरतं ओसरलेलं नाही, आणि तिच्या आईने मात्र दुसरा माणूस जेवायच्या टेबलावर आणून बसवला. क्लोई डेव्हिडसाठी 'स्टेप' या शब्दाला जोडून खास शिव्या बनवते. त्यातल्या निम्म्या आईसाठी आहेत असं मला ऐकताना वाटत राहिलं.

आपल्या भाषेत या माणसाला जागाच कमी आहे. सावत्र आई मात्र भरपूर. ध्रुवाला मांडीवरून उठवणारी सुरुची आपण लहानपणीच ऐकतो, व्रतांच्या कहाण्यांतही सावत्र आईचा जाच असतो, आणि विदर्भ-मराठवाड्याला निधी कमी मिळाला की सभागृहात 'सावत्रपणाची वागणूक' हाच शब्द निघतो. त्या शब्दातही मनात येते ती सावत्र आईच. याचं कारण सरळ आहे. विधुर वर्षाच्या आत बोहल्यावर चढायचा, विधवा चढायची नाही. तरी अनेक समाजांत विधवेचा पाट लागत होता, मोहतूर होत होतं, आईबरोबर तिची आधीची मुलंही नव्या घरी जात होती. पण कथा लिहिणारे बहुतेक त्या घरांतले नव्हते.

१८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली. त्याच कायद्याने बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला, आणि तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज पहिल्या नवऱ्याच्या नातेवाइकांना कोर्टात करता येईल अशी सोय ठेवली. आई नव्या घरी गेली तर मूल मागे राहील, हे जणू गृहीतच होतं. मग पुण्यात १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या लग्नावरून मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. आमचं नगर ज्यांच्या नावाचं, ते हेच कर्वे. त्या लग्नाचाही हिशेब पाहा. गोदूबाई बालविधवा, त्यांना मूल नव्हतं. कर्व्यांना पहिल्या पत्नीपासून मुलगा होता, रघुनाथ, पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणारे. म्हणजे पुण्यातल्या सर्वात प्रसिद्ध पुनर्विवाहातूनही घरात आली ती सावत्र आईच.

रक्ताचं नातं नसलेला थोर बाप पुण्याने पाहिला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी काशीबाई या विधवेचं मूल दत्तक घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. पण दत्तक घेणारा बाप मुलाला निवडतो, त्याला नाव देतो. सावत्र बापाकडे निवडही नसते आणि नावही.

नावाचा प्रश्न मराठी माणसाला जितका टोचतो तितका त्या अमेरिकन खेळातल्या लोकांना टोचत नसेल. क्लोई शेवटपर्यंत प्राइस राहते, मॅडसन होत नाही, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. आपल्याकडे बापाचं नाव मुलाच्या नावाच्या मधोमध बसतं. शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या हॉल तिकिटावर, बँकेच्या पासबुकावर. हजेरी घेताना बाई पूर्ण नाव वाचतात आणि वर्गाला कळतं. मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी आईचं नाव लिहायचं ठरलं, ही चांगली गोष्ट झाली. तरी त्यानंतर बापाच्या नावाची जागा आहेच, आणि तिथे गेलेल्या बापाचं नाव लिहायचं की घरी असलेल्या, हे एका मुलाला फॉर्म भरताना ठरवावं लागतं. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. पहिला नवरा वारल्यावर आईने दुसरं लग्न केलं होतं. कागदोपत्री दुसऱ्या नवऱ्याची नोंद 'सावत्र वडील' अशी करा, असा आदेश आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अशी नोंद जवळजवळ क्रूरपणाची आहे आणि मुलाच्या मनावर, स्वाभिमानावर तिचा परिणाम होईल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईचा, हेही त्यात स्पष्ट झालं.

कायद्याच्या पुस्तकांत सावत्र बाप शोधायला गेलं तर तो पानागणिक वेगळा भेटतो. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो की नैसर्गिक पालकाबद्दल बोलताना 'पिता' या शब्दात सावत्र पिता येत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात 'मूल' या शब्दात सावत्र मूल येतं, म्हणजे सावत्र बापापासून मुलाला संरक्षण आहे. आणि २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात 'पालक' या शब्दात सावत्र वडीलही आहेत. लहानपणी सहीचा अधिकार नाही, हात उगारला तर जबाबदारी आहे, म्हातारपणी तो पालक आहे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग डेव्हिड नक्की कोण?" मला वाटतं तिने खेळाचा गाभाच विचारला होता.

टीव्हीवर आपल्याला मिळतो तो सोपा सावत्र बाप. झी मराठीच्या 'माझी तुझी रेशीमगाठ'मध्ये यश छोट्या परीला असा जीव लावतो की कुणालाही तो हवाहवासा वाटावा. महाराष्ट्राने ती मालिका प्रेमाने पाहिली, आमच्याकडेही रोज लागायची. पण ज्याला मुलगी आवडत नाही, मुलीला जो आवडत नाही, आणि तरी ज्याला रोज रात्री त्याच घरात जेवायचं आहे, अशा माणसाला आपण कथेत फारसं बसू दिलेलं नाही.

नाटकाने निवाड्याचा खेळ दाखवला आहे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये, १९६७मध्ये, माणसं वेळ घालवायला अभिरूप न्यायालय खेळायला बसतात आणि खेळता खेळता बेणारेबाईंना खरोखर सोलून काढतात. पाच वर्षांनी भरत नाट्य मंदिरात पी.डी.ए. या नाट्यसंस्थेने 'घाशीराम कोतवाल' आणलं. त्यात बाप आपली मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. दोन्ही नाटकं पाहताना प्रेक्षक हादरतो, पण खुर्चीत. घाशीरामला थांबवायला कुणी मंचावर चढत नाही, आणि न चढल्याबद्दल घरी जाताना कुणाला अपराधी वाटत नाही. भाचीचे हात कीबोर्डवरून उचलले गेले तो क्षण म्हणूनच मला नवा वाटला. नाटकातल्या थपडेसाठी मी कधीही 'माझ्यामुळे' म्हटलेलं नाही.

त्याच वेळी या खेळाची एक गोष्ट मला खुपली. प्रत्येक भागाच्या शेवटी जगभरातल्या किती टक्के खेळणाऱ्यांनी काय निवडलं, ते आकडे दिसतात. भाची ते दहावीच्या निकालासारखे वाचायची. आपण बहुमतात आहोत म्हटल्यावर तिचा चेहरा मोकळा व्हायचा. मग मी विचारायचे, "आणि नसतीस तर?" घरातल्या माणसाबद्दलचा निवाडा मतमोजणीत टाकला की त्यातली अवघड गोष्ट निसटते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी खेळ एक वळण घेतो, आणि डेव्हिडबद्दलचं सर्वात खोल वाक्य तिथे आहे, जरी ते कुणी उच्चारत नाही. मॅक्स एका जुन्या फोटोतून २००८मध्ये जाते आणि मोटारीच्या किल्ल्या लपवते. विल्यम वाचतो. परत आल्यावर जग बदललेलं असतं: बाप जिवंत आहे, क्लोई मात्र दुसऱ्याच अपघातात जायबंदी होऊन चाकाच्या खुर्चीत आहे. आणि डेव्हिड? तो बस चालवतो. साधा, शांत ड्रायव्हर. कुणाच्या घरात कॅमेरे नाहीत, कुणावर हात नाही. मी भाचीला तिथे थांबायला सांगितलं. हाच माणूस. मग थप्पड त्याच्यात होती, की त्या घरात गेल्यावर आली? मला अजूनही वाटतं की ती त्याच्यात होती आणि त्या घराने तिला वाट दिली. भाची म्हणाली, "म्हणजे क्लोईची चूक?" नाही. भीती वाटली की पहारा बसवायचा, एवढंच ज्याला येतं, अशा माणसाच्या हाती एक दुखावलेली मुलगी आली. पहारा बसवला त्याने. मारलं त्याने.

पुढे कळत जातं की तो केटवर आणि इतरांवर नजर का ठेवत होता. गावातून रेचल नावाची मुलगी नाहीशी झालेली असते आणि तो आपल्या पद्धतीने तिचा माग काढत असतो. ती पद्धत वाईटच होती. ज्या मुलीला आधार हवा होता तिच्यावर त्याने संशय घेतला. पण त्याच फायलींनी पुढे खऱ्या गुन्हेगारापर्यंत वाट दाखवली, आणि शेवटच्या भागात मॅक्सला कोंडून ठेवलेल्या तळघरात पोचतो तो डेव्हिडच. इथे खूप जण त्याला माफ करून मोकळे होतात. मी नाही होत. मॅक्सला सोडवलं म्हणून क्लोईच्या गालावरचा हात पुसला जात नाही. ती दोन वेगळी खाती आहेत, एकातली जमा दुसऱ्यात वळती होत नाही. दुसऱ्या बाजूने, थप्पड मारली म्हणून तळघरातलं त्याचं येणं खोटंही ठरत नाही. २०१९मध्ये आलेल्या 'लाइफ इज स्ट्रेंज २'च्या शेवटच्या भागात तो पुन्हा दिसतो, ॲरिझोनाच्या वाळवंटात गाव सोडून आलेल्या माणसांच्या वस्तीत. तिथे तो बोलायच्या आधी थांबतो. लेखकांनी त्याला बदलू दिलं याचा मला आनंद झाला, आणि तो बदल क्लोईच्या घरापासून लांब घडला हेही मला बरोबर वाटलं.

पुण्यातही खेळ बनतात. इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' आणला. बहीण आपल्या भावाला शोधत असुरांशी लढते, आणि चित्रं पाहताना डोळे निवतात. ही मंडळी एक दिवस असुराऐवजी एका दोन खोल्यांच्या घरातला माणूस घेतील अशी मला फार आशा आहे. तिथे कपाट नसेल, माळा असेल. मुलगी गॅलरीत उभी असेल, शेजारच्या काकू ऐकत असतील, आणि निवड असेल ती काकूंची: बेल वाजवायची की टीव्हीचा आवाज वाढवायचा.

भाची जायच्या आदल्या रात्री आम्ही पाचवा भाग खेळलो. तळघरातून सुटल्यावर डेव्हिड मॅक्सला विचारतो, क्लोई कुठे आहे. त्या टप्प्यावर क्लोईचा खून झालेला असतो, मारणारा, म्हणजे तोच खरा गुन्हेगार जेफरसन, तिथेच असतो आणि डेव्हिडच्या हातात पिस्तूल असतं. खरं सांगितलं तर तो गोळी घालतो. लपवलं तर जेफरसन पोलिसांच्या हाती जातो. कथा पुढे आणखी वळते, पण तिथे, त्या मिनिटाला, हे तुम्ही ठरवायचं असतं.

भाची बराच वेळ थांबली. "सांगू?"

"त्याला कळायला नको का?" आजी म्हणाली.

"आजी, त्याने मारलं होतं तिला."

"हो," आजी म्हणाली. "मारलं होतं."

भाचीने पडद्याकडे पाहिलं. डेव्हिड अजून उत्तराची वाट बघत उभा होता.